कयाक पाण्यात घालण्याआधी: वाऱ्याची वेळ, भरतीची वेळ

वल्हेवाट

दिवाळी झाली की तारकर्ली-देवबागला कयाक आणि पॅडलबोर्डवाल्यांची वर्दळ सुरू होते. हवा भरायची कयाक गाडीच्या डिकीत टाकून स्वतःच येणारेही आता बरेच दिसतात. त्यांच्यासोबत स्थानिक माणूस नसतो आणि मागे मोटरबोटही नसते. त्यांच्यातल्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "पाणी शांत दिसतंय, जाऊ ना?" हा प्रश्न विचारला जातो सकाळी आठला, आणि नोव्हेंबर ते मार्च सकाळी आठला कर्ली नदीचं पाणी जवळजवळ रोजच शांत असतं. तुम्ही परत येणार ती वेळ दुपारची. प्रश्न त्या वेळेचा आहे.

म्हणून हा धागा. इथल्या अनेकांना समुद्राचा आणि धरणांचा माझ्यापेक्षा जास्त अनुभव आहे, त्यांनी भर घालावी.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनी पाठ केलेत. दिवसा जमीन लवकर तापते, वारा समुद्राकडून येतो. रात्री जमीन लवकर निवते, वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. कोकण किनाऱ्यावर हे रोज घडताना दिसतं. पहाटे पूर्वेकडून हलकी मतलई असते. नऊ-दहाच्या सुमाराला वारा पूर्ण पडतो. अकरा-बाराला वायव्येकडून खारा वारा उठतो आणि तीन-चारला त्याचा जोर सर्वाधिक असतो. मार्च-एप्रिलमध्ये तेव्हा १२ ते १५ नॉट म्हणजे ताशी २२ ते २८ किलोमीटर वारा ही नेहमीची गोष्ट आहे. साधा माणूस आरामात वल्हवतो तो ताशी पाच किलोमीटरच्या आसपास. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे आकडे बघताना लक्षात ठेवायचं. १० आणि १५ नॉट कागदावर जवळ वाटतात, पण रेटा दुपटीहून जास्त झालेला असतो.

आता भरती-ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उतार. उधाणाला पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, त्यामुळे खाडीतला प्रवाहही जोराचा. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती साधारण दुपारी अकरा ते बाराच्या दरम्यान येते. तिथून सहा तास ओहोटी, आणि तिचा सगळ्यात जास्त वेग मधल्या दोन तासांत. म्हणजे साधारण एक ते चारच्या दरम्यान. खारा वाराही नेमका त्याच वेळी जोरात असतो.

आता देवबागचा नकाशा समोर ठेवा. देवबाग ही समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधली वाळूची अरुंद पट्टी आहे. नदी तिच्या पूर्वेने दक्षिणेकडे वाहते आणि भोगव्यासमोर संगमावर समुद्राला मिळते. वायव्येचा वारा तुम्हाला नदीतून खाली, संगमाकडे ढकलतो. ओहोटीसुद्धा संगमाकडेच ओढते. तिथे बाहेर जाणारं पाणी आणि आत येणाऱ्या लाटा समोरासमोर भिडतात, लाटा उभ्या आणि आखूड होतात, वाळूच्या पट्ट्यावर फुटतात. पौर्णिमेच्या दुपारी त्सुनामी बेटाकडे मजेत वाहत जाणाऱ्या माणसाला परतताना वारा आणि पाणी दोन्ही तोंडावर असतं. त्याच जागी, त्याच वेळी, अष्टमीला मात्र दुपारी हलकी भरती चालू असते आणि पाणी तुम्हाला घराकडे आणत असतं.

वाऱ्याचा अंदाज एका ॲपवर मिळतो, भरतीची वेळ दुसरीकडे, नकाशा तिसरीकडे. तिन्ही एकमेकांवर ठेवून आपल्या वाटेवर काय होईल ते ठरवण्याचं काम ॲपवर सोडता येत नाही. ते आदल्या रात्री आपणच बसून करायचं असतं. मला त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि सहलीच्या तयारीतली ती सगळ्यात महत्त्वाची मिनिटं आहेत असं मी मानतो.

पाऊसवेळ

छान धागा. एक प्राथमिक शंका. माझ्या फोनमध्ये आधीपासून असलेल्या हवामानात सूर्याचं चित्र आणि ३१ अंश दिसतं. मी तेच बघत आलोय. त्यात काय कमी आहे?

वल्हेवाट

@पाऊसवेळ, ते चित्र ढग आणि पावसाचं. कयाकवाल्याला पहिली लागते ती वाऱ्याची माहिती, तीही तासागणिक. लख्ख ऊन असलेल्या दिवशीच खारा वारा चांगला सुटतो, कारण जमीन चांगली तापते. म्हणजे सूर्याचं चित्र दिसलं की दुपारी वारा असणार असं समजून चालायला हरकत नाही.

विंडी किंवा विंडगुरूवर तासागणिक वारा, दिशा आणि झोत वेगळे दिसतात. झोतांचा आकडा जरूर बघा. सरासरी ९ नॉट आणि झोत १८ असेल तर तो दिवस माझ्या हिशेबात १८ चा. विंडीवर अंदाजाची युरोपियन आणि अमेरिकन अशी दोन्ही संगणकी मॉडेल बघता येतात. दोन्ही एकच सांगत असतील तर भरवसा वाढतो. दोघांत मोठी तफावत असेल तर त्या दिवसाच्या हवेबद्दल खात्री देता येत नाही एवढं नक्की कळतं, आणि मी दोन्हींतला वाईट आकडा धरतो. या मॉडेलांची चौकट साधारण ९ ते १३ किलोमीटरची असते, म्हणजे तेवढ्या तुकड्याला ती एकच आकडा देतात. अर्ध्या किलोमीटर रुंदीची खाडी, तिच्या काठची माडाची रांग, शेजारचा डोंगर यांतलं काहीच त्यांना नीट दिसत नाही.

लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉइसचा, म्हणजे महासागर माहिती सेवा केंद्राचा, सागरी अंदाज पाहायचा. त्यात दिलेली लाटेची उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. १ मीटर लिहिलं असेल तर मधूनच जवळपास २ मीटरची लाटही येऊ शकते.

सुकतीभरती

मी देवबागचा. आमच्या घरात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, होती. वर लिहिलंय ते बरोबर आहे, फक्त एक गोष्ट ठळक करतो. मतलई थांबली आणि खारा वारा अजून उठला नाही, तो मधला तास-दीड तास म्हणजे दिवसातलं सगळ्यात शांत पाणी. पर्यटक नेमका तेव्हाच न्याहारी करून बाहेर पडतो. आमचे म्हातारे म्हणायचे, "वारो पडलो काय समजायचा, आता तो फिरतलो." वारा पडला की आम्ही परतीचं बघतो, आणि त्याच वेळी पाहुणे सुरुवात करतात.

डोळ्यांनी काय बघायचं ते सांगतो. नदीत नांगरलेल्या होड्यांची तोंडं बघा. होडीचं तोंड पाणी जिकडून येतं तिकडे वळतं. सगळ्या होड्यांची तोंडं नदीच्या वरच्या अंगाला असतील तर ओहोटी चालू आहे. काही इकडे, काही तिकडे, काही आडव्या असतील तर पाणी फिरतंय किंवा वारा प्रवाहावर मात करतोय. दोरीपाशी पाणी कापल्यासारखं वाहताना दिसलं तर ओढ जोराची आहे.

संगमाकडे लांबूनच बघा. पाण्यावर आडवी पांढरी रेघ दिसत असेल तर लाटा वाळूवर फुटताहेत. ती रेघ सकाळी नसते, ओहोटी अर्धी झाली की दिसायला लागते. आणि वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. मागच्या वर्षी जिथून गेलात तिथून यंदा वाट असेलच असं नाही, म्हणून स्थानिकांना विचारा. सकाळी घाईत विचारू नका. आदल्या संध्याकाळी बंदरावर या, होड्या लागलेल्या असतात, माणसं जाळी नीट करत बसलेली असतात. तेव्हा कुणीही मनापासून सांगेल.

कोळीण_मढ

आमच्याकडे अजूनही तिथीवरून भरती काढतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. त्याला ॲप लागत नाही, नेट लागत नाही.

मोजपट्टी

@कोळीण_मढ, पाऊणपटीचा हिशेब फार सुंदर आहे आणि खाडीत नेट गेलं की तोच कामाला येतो. पण कयाकवाल्यांनी त्यावर एकट्यावर जाऊ नये असं मला वाटतं. एक तर भरती किनाऱ्यावर सगळीकडे एकाच वेळी येत नाही. दक्षिणेला आधी, उत्तरेला नंतर, त्यामुळे गोवा-मालवण आणि मुंबई यांच्यात सुमारे तासाभराचा फरक पडतो. दुसरं म्हणजे खाडीच्या तोंडाशी भरती आली तरी आत दहा-पंधरा किलोमीटरवर ती उशिरा पोहोचते. तोंडाशी ओहोटी सुरू झालेली असताना आत पाणी अजून चढत असू शकतं. दाभोळच्या वाशिष्ठीत आणि बाणकोटच्या सावित्रीत हे चांगलंच जाणवतं.

पाणी किती चढतं तेही तिथीवरून कळत नाही. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या वर जातो, मालवण-गोव्याकडे साधारण २ मीटर. म्हणून मुंबई-रायगडच्या खाड्यांत ओढ कितीतरी जास्त, आणि ओहोटीला चिखलात अडकण्याचा धोकाही. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं दरवर्षी निघतात, जवळच्या बंदराची वेळ त्यातून घ्यावी.

कोळीण_मढ

मान्य. आमचे लोकही पाऊणपट करतात आणि मग खांबावरचा ओला पट्टा बघतात. ओला पट्टा पाण्याच्या वर असला की पाणी उतरतंय. हिशेब आणि खांब जुळले नाहीत तर खांबाचं ऐकतात.

मुळशीकाठ

धरणांबद्दल लिहितो. "समुद्र नको, धरण सुरक्षित" असं समजून पुण्या-मुंबईचे लोक पवना, मुळशी, भंडारदऱ्याला येतात. तिथे भरती नाही, लाट लहान, हे खरं. पण ही धरणं डोंगरांमधल्या लांबट दऱ्यांमध्ये आहेत आणि वारा त्या दऱ्यांमधून गोळा होऊन येतो. उन्हाळ्यात समुद्रावरचा वारा घाट चढून संध्याकाळी वर येतो. पवनेवर चार-पाचनंतर पश्चिमेचा वारा एकदम अंगावर येतो तो यामुळे. अंदाजात ८ नॉट असतो, दरीच्या तोंडाशी त्याहून बराच जास्त लागतो. म्हणून सुरुवात नेहमी वाऱ्याच्या तोंडाकडे करायची, ताजे असताना. दमल्यावर वारा पाठीशी हवा.

पाण्याकडे बघत राहायचं. दूरवर पाण्याचा रंग काळपट होऊन तो पट्टा आपल्याकडे सरकायला लागला तर तो वाऱ्याचा झोत आहे. तो पोहोचायच्या आत काठाला वळायचं किंवा निदान कयाकचं तोंड त्याच्याकडे करायचं. पाण्यावर तुरळक पांढरी फुलं, म्हणजे लाटांच्या माथ्यावरचा फेस, दिसली की वारा १० नॉटच्या आसपास आहे. सगळीकडे दिसायला लागली की १५ कडे चाललाय. पाण्याच्या रूपावरून वारा ओळखायची बोफर्ट मोजपट्टी हेच सांगते आणि तिला कोणतंही उपकरण लागत नाही.

पण माझी खरी काळजी वळवाच्या पावसाची. एप्रिल-मे आणि पुन्हा ऑक्टोबर. सकाळी अकरालाच सह्याद्रीवर कापसासारखे ढग उंच वाढताना दिसले तर दुपारनंतर पाण्यावर असू नये. ढगाचा माथा पसरट होऊन ऐरणीसारखा झाला, म्हणजे वीज आहे असंच धरायचं. त्यानंतर अचानक गार वारा, धूळ, मातीचा वास. तो गार झोत पावसाच्या आधी येतो आणि ताशी ५०-६० किलोमीटरचा असू शकतो. त्यात कयाक सरळ उलटते.

पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप आहे, ते आपल्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या आत पडणाऱ्या विजा दाखवतं. मी ४० च्या वर्तुळात वीज दिसली की काठावर येतो. फोन बंद असेल तर सेकंद मोजा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात उतरायचं नाही. सपाट पाण्यावर सर्वांत उंच वस्तू तुम्ही असता आणि हातात लांब वल्हं असतं.

सुकतीभरती

ऑक्टोबरचं आमच्याकडेही असंच, फक्त एक फरक आहे. ते ढग घाटावरून समुद्राकडे येतात. त्यांचा वारा पूर्वेचा. म्हणजे तो किनाऱ्यावरच्या माणसाला बाहेर, समुद्रात नेतो. किनाऱ्यालगत लाट उठत नाही, पाणी चापट होतं, म्हणून भीती वाटत नाही. अर्धा किलोमीटर आत गेल्यावर कळतं.

यॉर्करान

इंग्लंडमधून लिहितेय. @सुकतीभरती यांनी सांगितलेला धोका इथे इतका गंभीर मानतात की जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यांवर वारा समुद्राकडे वाहत असला की नारिंगी रंगाची वाऱ्याची पिशवी लावतात. ती दिसली की हवा भरलेली कोणतीही वस्तू पाण्यात न्यायची नाही. हवा भरलेली कयाक आणि पॅडलबोर्ड पाण्यात कमी आणि पाण्यावर जास्त असतात, म्हणून वारा त्यांना सहज उचलून नेतो. कोकणात अशा पिशव्या लावायला काय हरकत आहे? खर्च फारसा नाही.

तिसरा_बावटा

एक गैरसमज दूर करायला हवा. "हवामान खात्याने मच्छीमारांना इशारा दिलेला नाही, म्हणजे समुद्र सुरक्षित" असं अनेक जण म्हणतात. मच्छीमारांसाठीचा इशारा साधारण ताशी ४५ किलोमीटरच्या वर वारा जाणार असेल तेव्हा येतो. तो इंजिनाच्या होड्यांचा हिशेब आहे. त्याच्या निम्म्या वाऱ्यातच कयाकवाला अडचणीत येतो. इशारा असेल तर जायचंच नाही, पण नसेल तर आपला हिशेब आपण करायचा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर वादळी वाऱ्याची शक्यता आहे, मग आकाश कितीही निळं असो.

जिल्ह्याचा पिवळा इशाराही नीट वाचा. "ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने वारे, विजांचा कडकडाट" हे वाक्य पिवळ्या इशाऱ्यातही असतं. शेतकऱ्याला आणि शहरातल्या माणसाला पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. कयाकवाल्याने त्या दिवशी पाण्यात उतरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पाऊसवेळ

वारा नाही, ढग नाहीत, इशारा नाही, तरी मोठ्या लाटा असं होऊ शकतं का? एकदा वेंगुर्ल्याला किनाऱ्यावर असं पाहिल्यासारखं आठवतंय.

मोजपट्टी

होतं. लाट जिथे तयार होते तिथेच राहत नाही. एप्रिल-मेमध्ये भारतापासून हजारो किलोमीटर दक्षिणेला, दक्षिणी महासागरात वादळं होतात आणि त्यांच्या लाटा काही दिवसांनी आपल्याकडे पोहोचतात. मे २०२४ च्या सुरुवातीला इन्कॉइसने अशाच लाटांचा इशारा दिला होता, केरळपासून मुंबईपर्यंत. हिवाळ्यात अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांच्या लाटा वायव्येकडून येतात. दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेने त्यांचा अभ्यास केलेला आहे. आणि ऑक्टोबर २०१९ मधलं क्यार चक्रीवादळ भारताच्या किनाऱ्याला धडकलंच नाही, तरी कोकणात उधाणाचं पाणी किनाऱ्यावरच्या वस्तीत आलं होतं.

ओळखायचं कसं? अंदाजात उंचीबरोबर दोन लाटांमधला वेळ सेकंदांत दिलेला असतो. १ मीटर आणि ५ सेकंद ही स्थानिक वाऱ्याची लाट. १ मीटर आणि १६ सेकंद असेल तर ती लांबून आलेली आहे, किनाऱ्यापाशी येऊन खूप उंच होणार. किनाऱ्यावर पोहोचल्यावर लगेच उतरू नका. निदान पंधरा-वीस मिनिटं उभं राहून बघा, कारण मोठ्या लाटा गटाने येतात आणि दोन गटांच्या मध्ये समुद्र फसवा शांत असतो.

आईचीनजर

जानेवारीत मुलांना घेऊन तारकर्लीला जातोय. तिथे भाड्यानेच कयाक घेणार. एवढं सगळं मला जमणार नाही. निदान काय विचारू?

वल्हेवाट

@आईचीनजर, सकाळी साडेसात-आठची वेळ घ्या आणि साडेदहाच्या आत काठावर या. एवढ्याने वाऱ्याचा बराचसा प्रश्न सुटतो. "आज पाणी कधी फिरतं?" असं विचारा. चालक लगेच वेळ सांगत असेल तर तो पाण्याकडे लक्ष ठेवून आहे. उत्तर टाळत असेल तर दुसरीकडे जा. मुलांच्या मापाची लाईफ जॅकेट आहेत का, आणि गरज पडली तर मागे येणारी मोटरबोट आहे का, हे घालून बघून आणि डोळ्यांनी बघून ठरवा. संगमाकडे नको, नदीच्या वरच्या अंगाला कांदळवनाच्या बाजूने न्यायला सांगा. पक्षीही तिकडेच जास्त दिसतात, मुलांना आवडेल.

स्वतःची कयाक घेऊन जाणाऱ्यांसाठी मी पाळतो तो नियम सांगतो. परतायची खूण निघण्याआधी ठरवायची आणि सोबतच्यांना मोठ्याने सांगायची. पाण्यावर पहिलं पांढरं फूल दिसलं की परत, किंवा अकरा वाजले की परत, यातलं जे आधी होईल ते. पाण्यावर गेल्यावर ठरवायला बसलं की मन अजून थोडं पुढे जायच्या बाजूनेच कौल देतं. आणि दर अर्ध्या तासाने एक प्रश्न: अंदाजात जे होतं तेच दिसतंय का? दहाला ५ नॉट वारा सांगितला होता आणि माडाच्या झावळ्या नऊलाच जोरात हलताहेत, तर दुपारचा अंदाजही आता जुना झाला. तेव्हा लगेच काठ गाठायचा.

फोन पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत घालून अंगावर बांधलेला हवा, कयाकमध्ये नको. तटरक्षक दलाचा बचावासाठीचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. कुठून निघालो, कुठे जाणार, किती वाजता परतणार हे काठावरच्या एका माणसाला सांगून जा, आणि परतल्यावर त्याला कळवा.

मुळशीकाठ

धरणावर फोनला रेंज नसते अशा जागा बऱ्याच आहेत. शिट्टी लाईफ जॅकेटला बांधूनच ठेवा. आणि पवनेला उन्हाळ्यात जाणार असाल तर संध्याकाळचं कॅम्पिंगवाल्यांचं वेळापत्रक बघू नका, सकाळीच उतरा.

सुकतीभरती

नारिंगी पिशवीचं बंदरावरच्या माणसांशी बोलतो. बांबू आणि कापड आमच्याकडे आहेच. संगमाच्या अलीकडे नदीकाठी एक आणि समुद्राच्या बाजूला एक लावता येईल. लावली की इथे फोटो टाकतो.